याव ऊर विचारणारे मास्तर

उमरग्याजवळच्या मुरुम गावात मास्तरांची खोली भाड्यानं मिळवायला मला तोंडी परीक्षा द्यावी लागली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली होती. हातात एक बॅग, एक वळकटी, आणि डोक्यावर दुपारचं ऊन. दारातल्या बाजेवर खाकी शर्ट घातलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला एक ताठ म्हातारा बसला होता. मी खोलीचं विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"याव ऊर?"

मला कन्नड येत नव्हतं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "गाव कोणतं म्हणून विचारायलेत."

"परंडा," मी म्हटलं.

"परंडा तालुका का परंडा गाव?"

"तालुका."

"मग गाव सांगा की."

मी गाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ऊन लागलं की काय. पण ते गाव शोधत होते.

"सीना नदी तुमच्या उजव्या अंगाला. गावात शिरताना आधी मारुती, मंग शाळा. आणि फाट्यावर एक लिंबाचं झाड हाय. लई मोठं."

"होतं," मी म्हटलं. "रस्ता रुंद केला तेव्हा तोडलं."

घरातलं माणूस गेल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "पन्नास माणूस उभं राहायचं त्याच्या सावलीला. आता कुठं उभं राहतात?"

"पत्र्याची शेड आहे."

"त्यात किती माणूस मावतं?"

"दहा-बारा."

"लिहून ठिवाया पायजे," असं म्हणत ते उठले आणि आत गेले. खोलीचं काय, ते सांगायला विसरले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, मला किल्ली आणून दिली. "गाव सांगितलं न्हवं? झालं मग. या आत."

सगळं मुरुम त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून पहिला महिनाभर मी त्यांना शाळामास्तर समजत होते. एकदा मी विचारलं, "कोणता विषय शिकवायचे?" अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तर एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी या एका जिल्ह्यातच काढली. वर जायची संधी आली होती, पण त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागणार होतं. त्यांनी नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अजून हाच पुरा झाला न्हाय."

नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. ते दार वाजवायचे ते दोनदा, टण टण, म्हणजे चला. एकदाच वाजवलं की थांबा. अक्का बोलत असल्या आणि मास्तरांना मध्ये काही सांगायचं असलं की ते ताटावर बोटानं एकच टोला द्यायचे, आणि आपलं सांगून झालं की दोन टोले. अक्का पुन्हा सुरू व्हायच्या, जिथं थांबल्या होत्या तिथूनच. चाळीस वर्षांच्या संसारात ही घंटी दोघांच्या अंगवळणी पडली होती. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा खिळ्याला टांगलेला असायचा, आणि दर सोमवारी महादेवाची पूजा झाली की मास्तर त्याला खोबरेल तेलाचं एक बोट लावायचे. मशीन आल्यावर तो चिमटा निरुपयोगी झाला होता. तरी ते म्हणायचे, "मशीनमधून तिकीट येतं. चिमट्यानं माणूस जागं व्हायचं."

त्यांच्या खोलीत कपाटभर वह्या होत्या. एका गावाला एक पान. काही गावांना चार-चार पानं. त्या वह्यांत काय आहे हे मी एकदा चाळून पाहिलं. जमीन कसली आहे, काळी, तांबडी की मुरमाड. पाणी कुठून भरतात. बस कुठं थांबते आणि खरं तर कुठं थांबायला पाहिजे. लोक कोणतं पोतं घेऊन चढतात. गावात दोन मारुती का आहेत. उन्हाळ्यातल्या वाऱ्याला काय म्हणतात. एका पानावर एवढंच होतं: "या गावची माणसं बस थांबायच्या आधी उठत नाहीत. कारण समजलं नाही."

भूम आणि कळंबकडचा माणूस दुधाच्या किटल्या घेऊन चढतो आणि खव्याचा वास बसमध्ये दिवसभर राहतो, हे ते सांगायचे. ढोकीच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वळकट्या आणि कोयते घेऊन टोळ्याच्या टोळ्या चढायच्या, आणि त्या बसचं टप भरायलाच अर्धा तास जायचा. तुळजापूर ओलांडून नळदुर्गाकडं उतरलं की मिरच्यांची पोती. "आणि उमरग्याच्या पुढं," ते म्हणायचे, "आईची अव्वा होती. त्याचा एक थांबा ठरलेला हाय. त्या थांब्याच्या अलीकडं लेकरू रडलं की 'आई' म्हणतंय, पलीकडं 'अव्वा'. म्या तीन वर्षं ध्यान देऊन ऐकलंय."

"नकाशात नाही दाखवलंय ते," मी म्हटलं.

"नकाशा काढणारा बसनं आला नसंल."

अक्कांना मात्र या सगळ्याचं कौतुक कमी होतं. त्या मूळच्या आळंदकडच्या, सीमेपलीकडच्या. "मला बघायला आले तवा," त्या सांगायच्या, "माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मग तासभर माझ्या बापाला आमच्या गावची विहीर किती खोल हाय ते विचारत बसले. आई म्हणाली, पोरगी पसंत हाय का विहीर?"

"दोन्ही पसंत पडलं होतं," मास्तर म्हणायचे, अगदी गंभीरपणे.

गावात त्यांची थट्टाही व्हायची. लग्नपत्रिका हातात आली की ते आधी वधू-वरांची नावं नाही, गावांची नावं वाचायचे. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या गावापुढं, म्हणजे लग्नाच्याच गावापुढं, 'खुर्द' छापायचं राहिलं होतं. खुर्द म्हणजे धाकटं गाव. त्याच नावाचं थोरलं, बुद्रुक, पाच-सहा कोसांवर वेगळ्याच रस्त्याला. मास्तर पत्रिका घेऊन मुलीच्या बापाकडं गेले. तो म्हणाला, "मास्तर, सगळ्यांना माहीत हाय." मास्तर म्हणाले, "सगळ्यांना कधीच माहीत नसतंय." तो ऐकेना. लग्नाच्या दिवशी मास्तर सकाळीच रस्ता जिथं फुटतो तिथं जाऊन उभे राहिले. हातात अक्कांची लाल ओढणी. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून विचारत, "लग्नाला का? डावीकडं घ्या." खुद्द नवरदेवाच्या मामांची जीप बुद्रुककडं निघालेली त्यांनी वळवली. अक्षता पडून पंगती उठल्यावर मुलीचा बाप त्यांना शोधत आला. मास्तर अजून तिथंच उभे होते. उशिरा येणारं कुणी राहिलं असेल म्हणून.

हे सगळं मी हसत हसत माझ्या मैत्रिणींना फोनवर सांगायची. माझ्या घरमालकाचं वेड म्हणून. मग ती आजी दवाखान्यात आली.

सोयाबीनची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. बसस्टँडवर एक म्हातारी चक्कर येऊन पडली म्हणून पोलीस तिला घेऊन आले. ऐंशीच्या आसपासची, नऊवारी नेसलेली, कोपर खरचटलेलं, अंगात पाणी राहिलेलं नाही. सलाईन लावल्यावर ती सावरली. पण विचारेल त्याला एकच सांगायची, "मला आमच्या गावाला सोडा."

"गाव कोणतं, आजी?"

"आमचंच."

"त्याचं नाव काय?"

"नाव काय घ्यायचं? आमचं गाव हाय ते. येशीतनं आत गेलं की डाव्या हाताला चौथं माळवद."

माळवद म्हणजे मातीच्या सपाट धाब्याचं जुनं घर. आता अशी घरं उरलीत किती? तिला स्वतःचं नाव आठवायचं, नवऱ्याचं आठवायचं, मुलाचंही अर्धं आठवायचं. तेवढ्यावर कुणाला कसं शोधणार? पोलिसांनी तिचा फोटो सगळीकडं पाठवला. आसपासच्या गावांच्या पाटलांना विचारलं. दोन दिवस गेले, कुणाचं काही उत्तर आलं नाही. आमचे डॉक्टर चांगले होते, पण खाटा मोजक्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात पाठवायचं ठरलं. एकदा ती तिकडं गेली की ती तिकडचीच होणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्याच्या आदल्या संध्याकाळी मी जेवताना हे अक्कांना सांगितलं. मास्तरांनी ताटावर एक टोला दिला.

"ती काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा. तुमच्या भाषेत आणू नका."

मी आठवेल तसं सांगितलं. वेस. माळवद. डाव्या हाताला चौथं.

"अजून?"

"अजून काही नाही. आम्ही नावच विचारत होतो."

"नाव काय विचारायचं," ते म्हणाले. "नाव सरकार देतं. सकाळी येतो."

सकाळी ते आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशात चिमटा. आजीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि आधी कन्नडमध्ये काही विचारलं. आजी म्हणाली, "कळतंय जरासं. बोलाय येत न्हाय."

"बरं," मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले. "म्हणजे उमरग्याच्या वरची, उत्तरेकडची."

मग त्यांनी खिशातून चिमटा काढला. खाटेच्या लोखंडी दांडीवर तो दोन-तीनदा वाजवला, टिक टिक टिक, आणि कंडक्टरच्या त्या ठराविक, कुणाकडंही न बघता सगळ्यांना विचारणाऱ्या आवाजात म्हणाले, "हां, बोला, कुठं? मागचे, कुठं? मावशी, कुठं?"

आजीचा हात आपोआप कनवटीला गेला.

"दोन चिंचा," ती म्हणाली. "एक फुल, एक हाफ. पोरगं लहान हाय."

वॉर्डातले आम्ही सगळे बघत राहिलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि मोठा श्वास घेतला. मग अगदी हळू विचारलं, "दोन चिंचांवर उतरून कुठं जाता, मावशी?"

"खाली. नदीच्या अंगाला."

"नदी ओलांडता?"

"कशाला ओलांडू? अलीकडंच तर हाय."

"सकाळी दारात उभं राहिलं की ऊन कुठून येतं?"

"नदीवरनं."

"पाणी?"

"पायऱ्याची विहीर. उतरताना नागोबाला हात लावायचा."

मास्तर उठले. बाहेर व्हरांड्यात हवालदार उभे होते. त्यांना म्हणाले, "सास्तूरच्या रस्त्याला एक थांबा होता. दोन चिंचा. बोर्ड नव्हता, कागदावर नव्हता, पण बस थांबायची. तिथं तीन गावची माणसं उतरायची. एक माळावरचं, त्याला नदी न्हाय. एक पल्याडचं, त्याला नदी ओलांडावी लागती. राहिलं तिसरं." आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण आजीच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे.

हवालदारांनी मोबाईल काढला. "मास्तर, त्या गावच्या पाटलांना मी परवाच फोटो पाठवलाय. ओळखत न्हाय म्हणाले. आणि तिथं येस न्हाय, माळवद न्हाय, नदी तर लई लांब हाय. भूकंपानंतर वसवलेलं गाव हाय ते. सरळ रस्ते, सारखी घरं."

"व्हय," मास्तर म्हणाले. "म्हणून तर सापडंना. ती जुनं गाव सांगायली."

डॉक्टरांनी दवाखान्याची गाडी दिली. दुपारपर्यंत परत यायचं, नाही जमलं तर गाडी तशीच पुढं वृद्धाश्रमाला जाईल, असं ठरलं. ड्रायव्हर, हवालदार, मी, आजी, आणि पुढच्या सीटवर मास्तर. उमरगा मागं पडलं तसे ते खिडकीतून बघत बोलू लागले. इथं काळी जमीन, तुरीला चांगली. इथं ओढा आला की बस फिरायची. त्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते ड्युटीवर नव्हते. दोन दिवसांनी याच रस्त्यानं बस घेऊन आले, ती मदतीची माणसं आणि भाकरीच्या टोपल्या भरून. "थांबे होते," ते म्हणाले, "गावं नव्हती."

नव्या गावात पोचलो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, पारावर काही तरुण मुलं. मोठी माणसं सगळी काढणीला गेलेली. आजीला खाली उतरवलं. ती चारी बाजूंना बघत राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"हे कुठं आणलंसा मला? हे आमचं गाव न्हवं."

पारावरची मुलं जवळ आली. कुणी तिला ओळखेना. एक जण म्हणाला, "आमच्यातली नाही वाटत." हवालदारांनी घड्याळ बघितलं. मास्तरांचा हात धरून ते समजुतीनं म्हणाले, "मास्तर, तुमी लई केलंत. पण ती स्वतःच न्हाय म्हणती."

माझाही धीर सुटला होता. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की आपल्या मास्तरांचं वेड आज सगळ्यांसमोर उघडं पडलं.

"ती बरोबर बोलायली," मास्तर म्हणाले. "हे तिचं गाव न्हाय. हे तुमचं," मुलांकडं बोट करून, "तुमी इथं जन्मलासा. तिचं गाव खाली हाय. अजून अर्धा तास द्या."

अर्धा तास मिळाला. गाडी कच्च्या रस्त्यानं नदीकडं उतरली. एक मुलगी गाडीत बसली, म्हणाली की तिची आजी पण जुन्या गावाचं सांगायची, पण स्वतः तिनं ते कधी नीट बघितलं नव्हतं. पुढं वेडी बाभूळ एवढी माजली होती की गाडी थांबवावी लागली. काटे, पडलेले दगड, मातीचे उंचवटे, मध्ये एखादी अर्धी भिंत. मला तर तिथं गाव असल्याचं सांगूनही पटलं नसतं.

आजी उतरली. मी तिला आधार द्यायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. दोन मोठ्या दगडी चौथऱ्यांच्या मधून ती आत शिरली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि बाभळीच्या काट्यांतून अशी चालू लागली जशी रोज चालत असावी. डाव्या बाजूला वळली. एक जोतं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याजवळ थांबून म्हणाली, "ह्या बाईनं कधी अंगण झाडलं न्हाय." मग चौथ्या जोत्याच्या दगडी उंबऱ्यावर जाऊन ती बसली. दोन्ही तळहात तिनं दगडावर ठेवले.

"आले," ती म्हणाली. "पाणी आणा."

मास्तर तिच्यापासून चार पावलांवर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, पण ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. तेवढ्यात शेजारच्या वावरातून आवाज आला. सोयाबीन काढायचं सोडून एक साठीचा माणूस हातात विळा घेऊन बघत उभा होता. तो जवळ आला. अजून जवळ आला. विळा त्यानं खाली टाकला.

"काकू?" तो म्हणाला. "काकू, तुमी व्हय?"

आजीनं वर बघितलं. "कोण रं तू?"

त्यानं आपलं लहानपणीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "तू केवढा झालास. तुझ्या आईला सांग, मी आले म्हणून."

त्याची आई त्या पहाटेच गेली होती. आजीचा नवराही. तिच्या मुलानं तेव्हा तिला ढिगाऱ्यातून काढून सोलापूरला नेलं होतं, आणि नव्या गावात ती कधी राहिलीच नव्हती. म्हणून तिथल्या पोरांना, तरुण पाटलांनाही, ती माहीत नव्हती. तो माणूस, तिचा पुतण्या, खाली बसला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून तिच्या मुलाला फोन लावला. पलीकडचा माणूस पाच दिवस सोलापूरच्या गल्ल्या धुंडाळत होता. फोनवर तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. नुसता रडण्याचा आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू आला.

गाडी वृद्धाश्रमाला गेली नाही. हवालदारांनीच डॉक्टरांना कळवलं, आणि कळवताना त्यांचा आवाज असा चढला होता की जणू आजी त्यांचीच होती. दुपारपर्यंत वावरावावरांतून माणसं जमली. म्हाताऱ्या बाया आजीला ओळखून तिच्या गळ्यात पडल्या. कुणी भाकरी आणली, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी दही. त्या पडक्या जोत्यांवर पंगत बसली. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा आजीनं त्याला विचारलं, "जेवलास का?" आणि तो उंबऱ्यात तिच्या शेजारी बसून तिनं पुढं केलेली भाकरी खाऊ लागला.

लोकांनी मास्तरांना शालबिल द्यायचं काढलं. मास्तर ऐकतच नव्हते. वही उघडून ते म्हाताऱ्यांना विचारत बसले होते. "पाचवं घर कोणाचं? सहावं? विहिरीकडं जाणारा बोळ कुठून फुटायचा?" म्हातारे आधी अडखळले, मग एकमेकांना खोडू लागले, मग तिघे तिघे एकदम बोलू लागले. मास्तर लिहीत होते. परत निघताना गाडीत बसल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "नोकरीत असताना एवढं समजलं न्हवतं मला."

त्या दिवसानंतर मुरुममध्ये त्यांची थट्टा झाली नाही असं नाही. पण पत्रिका छापायच्या आधी लोक त्यांना दाखवायला आणू लागले.

खरी गोष्ट मात्र दिवाळीनंतर झाली. गाडीत बसलेल्या त्या मुलीनं आणि पारावरच्या पोरांनी मिळून जुन्या गावातली बाभूळ तोडायला घेतली. रोज थोडी थोडी. मास्तरांना निरोप आला की वही घेऊन या. ते मला आणि अक्कांनाही घेऊन गेले. दोन रविवार त्यांनी आणि म्हाताऱ्यांनी मिळून दोऱ्या लावल्या, जोती मोकळी केली, बोळ काढले. पायऱ्यांची विहीर गाळ काढून मोकळी केली. उतरताना डाव्या हाताला नागोबाचा दगड खरंच होता. अक्का खाली वाकून म्हणाल्या, "ह्यांनी म्हणूनच विहीर किती खोल ते विचारलं होतं का काय," आणि दगडाला हात लावून वर आल्या.

मग एका सकाळी अख्खं गाव खाली आलं. सोलापूर-पुण्याला गेलेलीही आली. मास्तर वेशीतल्या चौथऱ्यावर वही घेऊन उभे राहिले आणि एकेक घराचं नाव वाचू लागले. नाव आलं की त्या घरची माणसं पुढं व्हायची आणि आपल्या जोत्यावर जाऊन उभी राहायची. काही जोत्यांवर दहा-बारा जण उभे होते, लेकी, सुना, नातवंडं. काहींवर एकच. दोन जोत्यांवर कुणीच उरलं नव्हतं. तिथं शेजाऱ्यांनी आपल्यातला एकेक माणूस पाठवला. अर्ध्या तासात गल्ली दिसू लागली, मग दुसरी, मग विहिरीकडचा बोळ. गेल्या तीस वर्षांत जन्मलेल्या पोरांनी ते गाव पहिल्यांदा पाहिलं. घरं नव्हती, पण प्रत्येक घर भरलेलं होतं. वही मिटून मास्तर बाजूला उभे राहिले. नदीवरून ऊन वर चढत होतं.

तेवढ्यात चौथ्या जोत्यावरून आजीचा आवाज आला. नातवाचा हात धरून ती उंबऱ्यात उभी होती आणि तिसऱ्या घरच्या नव्या सुनेला सांगत होती,

"ए बाई, जरा तिकडं सर. माझ्या अंगणात उभी हायेस तू."

सून चटकन दोन पावलं मागं सरली. आणि मग पहिल्या जोत्यापासून विहिरीपर्यंत सगळं गाव हसलं.